शेवंताअक्काच्या गाळी

“उघडत नाही म्हणजे काय, शकीलभाऊ? परवा लग्न आहे माझं!” ऋतिकाने फोन त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर राखाडी चौकोन होता आणि खाली एकच ओळ : हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

शकीलने आपला फोन काढला. त्याच्या फोनवरही तोच चौकोन, पण व्हिडिओ त्यानेच चढवलेला, म्हणून त्याला कारणही कळवलं होतं. व्हिडिओत अपमान आणि छळ आढळला होता.

“छळ? कोणाचा छळ?” ऋतिकाला हसावं की रडावं कळेना. “आजीनं कोणाला छळलं?”

भडगावात लग्नांचं शूटिंग करणारा शकील यंत्रवेडा माणूस. बाजारात नवा कॅमेरा आला की याला ताप चढायचा. “निकाह मेरे से किया के कॅमेरे से?” असं त्याची बायको साबेरा उगाच विचारायची नाही. करोनात लग्नं थंडावली होती तेव्हा या वेडातून त्याने अहिराणीत एक छोटा सिनेमा काढला. एका गावात एक मशीन येतं आणि कोणी काय बोलायचं ते ठरवू लागतं. नको तो शब्द तोंडातून निघाला की आवाज गायब. सगळं गाव मुकं होतं. शेवटी एक म्हातारी मांडवात उभी राहते, मशीनच्या तोंडावर लग्नातल्या गाळी गाते आणि मशीन बंद पडतं.

म्हातारी झाली होती ऋतिकाची आजी शेवंताबाई, गल्लीची अक्का. पंगत बसली की वधूकडच्या बायका व्याह्यांना गाण्यातून गाळी देतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. गाळी पडल्या नाहीत तर व्याही रुसतात. आणि अक्कासारख्या गाळी देणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. ‘याही उना मांडवमा, नाक इसरना घरमा’ असं सुरू केलं की व्याही खरंच नाक घरी राहिलं का ते चाचपून बघायचे.

गेल्या हिवाळ्यात अक्काला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कान मात्र शाबूत होते, समजत सगळं होतं. नातीने तिच्या मांडीवर डोकं ठेवून शब्द दिला होता, “माझ्या लग्नात तुझ्याच गाळी पडतील, आजी. मोठ्या पडद्यावर.” अक्का त्या दिवशी पोटभर रडली होती, आणि तेव्हापासून लग्नाची वाट ऋतिकापेक्षा तीच जास्त बघत होती.

“तुमच्याकडे मूळ फाइल असेलच ना?” ऋतिकाने विचारलं.

शकीलकडे ती नव्हती. धंद्याची रीत अशी, की पार्टी पेनड्राइव्ह घेऊन गेली की डिस्क पुसायची आणि पुढच्या लग्नाला जागा करायची. त्याच हाताने त्याने स्वतःचा सिनेमाही पुसला होता. नेटवर चढवलं म्हणजे अमर झालं, असं तोच सगळ्यांना सांगत फिरायचा. गल्लीतही विचारून पाहिलं. लिंक सगळ्यांनी सगळ्यांना पाठवली होती, सिनेमा कोणीच उतरवून घेतला नव्हता.

त्याने वर दाद मागितली. या गाळी प्रेमाच्या असतात, आमच्याकडे रिवाज आहे, असं मराठीत लिहिलं, मग हिंदीत लिहिलं. समोरचा चहा निवायच्या आत उत्तर आलं. आपले म्हणणे काळजीपूर्वक तपासले, निर्णय कायम आहे.

“अरे, कोणी तपासलं?” तो फोनवर ओरडला. फोन काय बोलणार! तहसील कचेरीत निदान डाफरायला एखादा कारकून तरी असतो. इथे भांडायचं कोणाशी?

खाली एक पर्याय दिला होता. आक्षेपार्ह भागाचा आवाज काढायला संमती द्या, व्हिडिओ परत मिळेल. बदल कायमचा राहील. एकदोन ओळी जातील, शकीलने विचार केला. नाकाची जाईल, फार तर मिशांची. बाकी अक्का तर उरेल! त्याने बटण दाबलं.

काम चालू आहे, एवढंच फोन दोन दिवस सांगत राहिला. लग्न लागलं, पंगत बसली, आणि तेव्हा कुठे व्हिडिओ उघडला. तपासून बघायला सवड नव्हती. ऋतिकाचा बाप तोताराम मांडवातून हाका मारत होता, “लाव रे शकील, याही खोळंबी ऱ्हायनात!”

पडद्यावर गाव आलं, मशीन आलं. त्याची घरघर मोठ्या स्पीकरवर घुमली. मग पदर खोचून अक्का उभी राहिली. मांडवात खुर्चीत बसवलेली खरी अक्का पुढे सरकली. पडद्यावरच्या अक्काने हात उगारला, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. ओठ हलत होते, मान डोलत होती. एक ओळ गेली, दुसरी गेली, अख्खं गाणं गेलं. मांडवात फक्त वाढप्यांच्या पळ्या वाजत होत्या.

“वा!” वरबाप रतिलाल ताटावरूनच ओरडले. “मशीननी आवाजच खाई टाका! काय आयडिया शे, शकीलभाऊ!” पंगतीने टाळ्या पिटल्या. ऋतिकाने एकदा शकीलकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नव्या नवरीला भर मांडवात रडता येईना. आणि शकील तरी काय सांगणार होता? कोणाला?

अक्काने डावा हात कानावर नेला. पळ्या ऐकू येत होत्या, टाळ्या ऐकू येत होत्या. तिने मान हलवली. असं नव्हतं, ती गायली होती. तिने तोच हात व्याह्यांच्या दिशेने उगारला आणि जोर करून तोंड उघडलं. घशातून नुसती घरघर निघाली.

“अक्काले ठसका लागना!” शेजारची कुंदाबाई धावली आणि तिने पाण्याचा पेला अक्काच्या तोंडाला लावला.

अक्काने पाणी गिळलं नाही. पेल्याच्या काठाशी तिचे ओठ ओळीमागून ओळ हलत राहिले, आणि पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडत राहिलं.