सोफ्याची डावी बाजू

सोफेवाल्याने गेल्या बारा वर्षांत देवाच्या इच्छेविरुद्ध एकही पाऊल टाकलं नव्हतं. देवाची इच्छा आणि त्याची स्वतःची इच्छा बहुतेक वेळा जुळायची, त्यामुळे ते फारसं जड गेलं नाही. समोरच्या बाईंचा दिवाण आधी घ्यावा की वकिलांच्या खुर्च्या, दुपारी डुलकी काढावी की काढू नये, हे सगळं तो सकाळी डोळे मिटून प्रभूला विचारायचा. जे पहिलं मनात येईल तो हुकूम.

"डुलकीला प्रभू एकदाही नाही म्हणालेला नाही," बायको म्हणायची. प्रार्थना तीही करायची, पण उभ्याउभ्या, भांडी घासताना.

या आठवड्यात मात्र घोटाळा झाला. सोमवारपासून रोज सकाळी एकच हुकूम येत होता. दादाकडे जा.

दादा म्हणजे थोरला भाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. चार वर्षांपूर्वी दादाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सोफेवाल्याने स्वतःच्या हाताने बांधलेला सोफा त्याला भेट दिला होता. दादा पाहुण्यांसमोर त्यावर बसला, जरासा हलला आणि म्हणाला, "टोचतंय रे." एवढंच. तेव्हापासून अबोला होता. म्हणजे सोफेवाल्याने धरला होता. दादा मुळातच घुम्या, त्यामुळे त्याच्या बाजूने अबोला आहे की नुसता स्वभाव, हे कळायला मार्ग नव्हता.

"हा आवाज देवाचाच कशावरून?" शनिवारी सकाळी त्याने बायकोला विचारलं. "चार वर्षं तू हेच घोकतेयस. तुझाच कानात बसला असेल."

"मग देवाने एकदा तरी माझं ऐकलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. भावाविषयी अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे त्याला लहानपणापासून पाठ. म्हणून गेली चार वर्षं नेमका प्रभुभोजनाच्या रविवारी त्याला ताप यायचा. पण रोज विचारायचं आणि आलेला हुकूम मात्र खिशात घालायचा, तर मग बारा वर्षांच्या आज्ञापालनाचं काय राहिलं? त्याची झोप उडाली, दुपारचीसुद्धा. तो चर्चच्या पाळकांकडे गेला.

"जायचं, हे समजलं," तो म्हणाला. "पण जाऊन करू काय? माफी मागू, तर अपमान माझा झालाय. माफी देऊ, तर त्याने मागितलेली नाही. हुकूम अर्धाच आलाय हो."

पाळक बुटांना पॉलिश करत होते. "बायबलात पत्ता न देता धाडलेली माणसंही निमूट गेली आहेत," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "तुला तर घर माहीत आहे. नीघ."

दार वहिनीने उघडलं. "अगंबाई, भावजी!" म्हणत ती चहा टाकायला आत पळाली. दादा प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत होता.

"ये. बस," तो म्हणाला, जणू हा कालच येऊन गेला होता.

सोफा खिडकीपाशी होता. उजवीकडचं कापड पार झिजलेलं, डावीकडे घडी घातलेलं जाड पांघरूण. सोफेवाला उभाच राहिला आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहू लागला. आतून हूं की चूं नाही.

"दादा, तू त्या दिवशी जे बोललास..."

"काय बोललो?"

"टोचतंय म्हणालास. चारचौघांत."

"हो, मग?" दादाने पेपर खाली केला. "त्यासाठी येत नव्हतास होय! आम्हाला वाटलं, धंदा वाढलाय."

सोफेवाल्याच्या डोक्यात गोंधळ उडाला. चार वर्षं जिवाला खाणारा अबोला समोरच्याच्या लक्षातही आला नव्हता. यावर रागवायचं की लाजायचं? त्याला म्हणायचं होतं, चुकलं माझं. तोंडातून आलं, "माझ्या हातचं काम टोचत नाही."

"बरं बाबा. पण डावीकडे बसू नकोस."

सोफेवाल्याने पांघरूण बाजूला सारलं आणि तो डावीकडेच बसला.

बसला तसाच उठला.

वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थबकली. दादा उठला, कपाटाच्या खणातून पक्कड काढली आणि धाकट्या भावाच्या हातात दिली.

खिळा आतून उलटा ठोकलेला होता. पाऊण इंची, निळ्या डोक्याचा. आसपासच्या गल्ल्यांत तसले खिळे सोफेवाल्याशिवाय कोणीच वापरत नव्हतं.