शेवाळाचं खापर घासणीवर

मी एक जुनी घासणी आहे. भांड्यांची नव्हे हं! मित्रांनो, माशांच्या टाकीच्या काचेवर जे हिरवं शेवाळ धरतं, ते घासून काढणारी मी. माझे दोन तुकडे आहेत आणि दोघांच्या पोटात चुंबक आहे. एक तुकडा पाण्यात, दुसरा काचेबाहेर. बाहेरचा सरकवला की आतला मुकाट्याने मागे येतो. आता तुम्हीच सांगा, जी अर्धी आत आणि अर्धी बाहेर, तिने विचार करायचा तरी कुठल्या बाजूने? जन्मभर माझा गोंधळच होत आला आहे.

कारखान्यात मला खरखरीत कापड चिकटवलं आणि दुकानात खिळ्याला टांगलं. तिथून एका सूनबाईंनी मला घरी आणलं. टाकी त्यांच्या सासऱ्यांची. आजोबांनी चाळीस वर्षं फोटो धुण्याचं काम केलं होतं, बंद खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही टाकी घेतली आणि चार सोनेरी मासे पाळले. त्यांतला जाडा तो ढब्बू. सकाळी आजोबा चहा घेऊन टाकीसमोर बसत, ते जेवायलाच उठत.

पहिल्याच दिवशी मी काच लख्ख केली. सूनबाई म्हणाल्या, घासणी गुणाची आहे. मी फुलून गेले. चार दिवसांनी बघते तर येरे माझ्या मागल्या! काचेवर पुन्हा हिरवी साय. मला काही कळेना. मी कमी घासत होते, की जास्त घासत होते? शेवाळ माझ्यावर रागावलं होतं, की माझ्या प्रेमातच पडलं होतं?

सूनबाईंनी पाणी बदललं, तळातले दगड धुतले, टाकी खिडकीपासून लांब हलवली. आजोबांनी माशांचं खाणं निम्मं केलं. शेवाळ ढिम्म हललं नाही. पाण्याला वास येऊ लागला. नोकरी आणि घर सांभाळून सूनबाई दमल्या होत्या. शेवटी रडवेल्या होऊन त्यांनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत काच स्वच्छ राहिली नाही, तर टाकी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देऊन टाकायची. आजोबा दिवसातून तीनदा मला काचेवर फिरवू लागले.

माझं कापड झिजलं. मग सगळं खापर माझ्यावर! घासणीच कुचकामी, असं म्हणून आजोबांनी मला खिशात टाकलं आणि नवी आणायला दुकानात नेलं. वाटेत घराच्या किल्ल्या मला येऊन चिकटल्या. निदान कुणीतरी माझ्या बाजूने होतं.

दुकानदार बाईंनी मला बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, टाकीवरचा दिवा किती तास चालू असतो?

"विझवतच नाही," आजोबा अभिमानाने म्हणाले. "मी जन्म अंधारात काढला. यांच्या वाट्याला तरी उजेड असू दे."

बाई म्हणाल्या, "काका, माशांना पापण्या नसतात. तुम्ही दिवा विझवला नाहीत, तर त्यांनी डोळे मिटायचे कसे?"

मग त्यांनी समजावलं की शेवाळ उजेडावरच पोसतं, दिवसाला सात-आठ तास दिवा पुरे. आजोबा नवी घासणी न घेताच बाहेर पडले. मी खिशात चक्रावून गेले होते. म्हणजे इतके दिवस मी आजोबांची मायाच खरवडत होते की काय?

आजोबा दुपारीच दिवा बंद करू लागले. शेवाळ हळूहळू हटलं. महिनाअखेरीस दवाखान्यातला माणूस टाकी न्यायला आला. सूनबाईंनी काचेवर आतून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं.

आता मला आठवड्यातून एकदाच काम असतं. हा मान की अपमान, ते अजून उमगलेलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या टाकीत शेवाळ आलं, तर माझ्या बहिणींवर चिडण्याआधी दिवा किती तास जळतो ते मोजा. जीव लावलात, चांगलं केलंत, पण त्या जिवाला काय सोसतं तेही बघा.

परवा सूनबाई कामावरून आल्या. आजोबा अंधाऱ्या खोलीत टाकीसमोर बसलेले. सूनबाईंचा हात खोलीच्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे गं," आजोबा हळूच म्हणाले. "आत्ताच झोपलेत."