सणाला गेटवर, एरवी स्विचवर

मित्रांनो, जुनी वस्तू बोलायला लागली की ऐकणाऱ्याला जांभई येते, हे मला ठाऊक आहे. तरीही ऐका, कारण माझ्या अंगावर अवघा एक शब्द आहे. मी पत्र्याची पाटी. हातभर लांब, वरच्या कोपऱ्यांत दोन भोकं, त्यांतून ओवलेली तार, आणि मधोमध लाल रंगात लिहिलेलं 'ऑफ'.

माझा जन्म वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, बजाजनगरच्या अलीकडच्या एका शेडमध्ये झाला. शेडचं नाव 'सरूबाई प्रेस वर्क्स'. सरूबाई म्हणजे मालक तात्यासाहेबांच्या मातोश्री. तात्यासाहेबांनी मोठ्या मायेनं कारखान्याला आईचं नाव दिलं होतं. आईला मात्र गावाकडंच ठेवलं होतं, कारण शहराची हवा तिला मानवत नाही, असं सूनबाईंचं मत होतं. त्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली पत्र्याचे ब्रॅकेट कापले जात. एकदा एक पत्रा वाकडा कापला गेला. तो भंगारात जायचा, तो छावणीतल्या बन्सी पेंटरच्या दुकानात गेला. ती वाकडी म्हणजे मी.

"काय लिहू?" बन्सीनं विचारलं.

"ऑफ."

"फुडं?"

"फुडं काय नाय."

"मालक, 'सुट्टी' लिहितो की. जोडाक्षर लई झकास येतं माझं."

"सुट्टी वाचलं की कामगार सुस्तावतो," तात्यासाहेब म्हणाले. "अन् 'बंद' वाचलं की त्याला मोर्चा आठवतो. तू ऑफ लिही. इंग्लिश हाय. कुठंबी चालतंय."

बन्सीचा हिरमोड झाला. त्यानं तो सगळा राग 'ऑ'च्या चंद्रावर काढला. चंद्र एवढा मोठा झाला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, उद्या ईद.

'कुठंबी चालतंय' हे तात्यासाहेबांचं बोलणं मात्र खरं निघालं. मित्रांनो, एवढासा शब्द, पण माणसांनी त्याला गाढवासारखं राबवलं आहे. आठवड्याची सुट्टी म्हणजे ऑफ. पंखा बंद करायचा म्हणजे ऑफ. बायको बोलेना, तर मूड ऑफ. गावाकडचा म्हातारा गेला, तर तोही ऑफ. घरात मराठी शब्दांची पोती भरून ठेवलेली असताना ही माणसं या एका उसन्या शब्दावर सण, संसार आणि मरण उरकतात. मला त्यांची कीव यायला हवी. पण मी पत्र्याची आहे. मला फक्त तुच्छता वाटते.

तात्यासाहेबांनी मला दोन नोकऱ्या लावल्या. सुट्टीच्या दिवशी मी गेटवर. एरवी मी प्रेसजवळच्या खिळ्यावर, हाकेच्या अंतरावर. डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉब म्हणजे कापायचा तुकडा अडकला की ऑपरेटर मेन स्विच खाली ओढायचा, त्याच्या दांडीवर मला टांगायचा, प्रेसचं जड चाक थांबू द्यायचा आणि मगच आत हात घालायचा. शेडचा कायदा साधा होता. स्विचवर पाटी असली की कुणी दांडीला हात लावायचा नाही. पाटी नसली की बेलाशक चालू करायचं. त्या प्रेसचा क्लच म्हातारा झाला होता. वीज मिळाली की कधीकधी पायडल न दाबताही वरचा ठोकळा दणकन खाली यायचा. नवा क्लच टाकायचा विषय निघाला की तात्यासाहेब म्हणायचे, "देवाच्या दयेनं चाललंय ना?" देवाला या व्यवहारात त्यांनी केव्हा भागीदार करून घेतलं, कोण जाणे.

ऑपरेटरचं नाव भारत. घराणं मेंढपाळाचं. वडील मल्हारराव अजून पैठणच्या बाजूला मेंढरं घेऊन फिरतात. भारतची बायको शालू याच शेडमध्ये ब्रॅकेट मोजून खोक्यांत भरायची. भारत मला टांगताना दरवेळी एकच वाक्य बोलायचा, "बस इथं. कुणाला यिऊ दिऊ नको." शिवशंकर नावाचा त्याचा जोडीदार हसायचा.

"पाटीसंगं काय बोलतो रं?"

"आमचा बाप मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाला काठी आडवी टाकतो," भारत म्हणायचा. "काठी आडवी हाय तवर आत मालक जाईना, लांडगाबी जाईना."

"लांडग्याला कळतंय व्हय?"

"लांडग्याला कळतंय. मालकाचं सांगता येत नाय."

माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच. पण ते मला पुरायचं. माझ्यामागं कुणाचा तरी हात आहे, हे मला ठाऊक असायचं. गेटवर टांगलेल्या पाटीमागं काय असतं? कुलूप.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या सगळ्या वसाहतीत यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा पडतात, आणि दसऱ्याची पूजा उरकेपर्यंत पुजलेलं यंत्र कुणी चालवत नाही. वर्षभर राबवलेल्याला एक दिवस तरी हात जोडावेत, असा तो रिवाज. तात्यासाहेबांनीही हात जोडले. डोळे मिटून, बराच वेळ, फोटो निघेपर्यंत. प्रेसला नारळ फोडला, मला हळद-कुंकू लावलं, माझ्या तारेत झेंडूची माळ अडकवली आणि मला गेटवर टांगलं. मग आत गेले, शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाले, "भारत, घे चालू कर. माल आजच जायला पायजे."

"मालक, आज?" भारत म्हणाला. "कुंकू वाळलं नाय अजून."

"बाहेर पाटी हाय ना? बाहेरच्याला दिसतंय ऑफ. आतलं कोण बघतंय?"

ज्या देवतेला नुकताच नारळ वाढवला, तिला दिसतंय की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शेजारच्या शेडचे साहेबराव उद्योजक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांना दिसू नये, एवढीच तात्यासाहेबांची श्रद्धा होती.

प्रेस चालू झाला. मी गेटवर फुलं लेवून खोटं बोलत लटकले होते. येणारे-जाणारे मला बघून हात जोडत होते. पत्र्याला हात जोडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली, आणि आतला दणदणाट ऐकूनही न ऐकणारी माणसंही.

थोड्या वेळानं दणदणाट थांबला. जॉब अडकला होता.

"पाटी कुठंय?" भारतचा आवाज.

"सणाला हाय ती," तात्यासाहेब म्हणाले. "घाल हात. मी उभा हाय ना स्विचपाशी."

"पाटीबिगर हात घालत नाय मी."

"मालकापेक्षा पत्रा मोठा झाला व्हय रं तुला?"

अर्ध्या शटरखालून वाकून शालू बाहेर आली. तिनं सरळ माझी तार खिळ्यावरून सोडवली. माळेसकट मला बगलेत मारलं.

"ए, ए! सणाची पाटी उतरवू नये," तात्यासाहेब ओरडले. "अपशकुन असतो."

"बोटं तुटल्यावर शकुन व्हतो का मालक?"

तिनं मला भारतच्या हाती दिलं. भारतनं दांडी खाली ओढून मला तिच्यावर टांगलं, "बस इथं" म्हणाला, चाक थांबू दिलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी पहिल्यांदाच फुलं घालून कामावर बसले होते. शालू खोक्यांकडे वळली.

तात्यासाहेबांची नजर मात्र गेटवर. गेट उघडंबोडकं. आणि रस्त्यानं साहेबराव येत होते, हातात प्रसादाचं ताट. तात्यासाहेब घाबरले. मित्रांनो, घाबरलेला मालक काय करतो, ते नीट लक्षात ठेवा. त्यांनी मला दांडीवरून काढलं.

हाक नाही, सूचना नाही. भारतचा हात आत होता. मला हातात घेऊन ते गेटकडे धावले. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण माझ्याकडे एकच शब्द, आणि तोही मुका.

त्याच वेळी शिवशंकर मागच्या दारानं चहा घेऊन आत आला. भारत त्याला दिसला नाही, कारण तो प्रेसच्या पलीकडे वाकलेला होता. शिवशंकरला दिसली ती मोकळी दांडी. पाटी नसली की बेलाशक चालू करायचं. त्यानं चहा खाली ठेवला आणि हात पुढं केला.

शालूनं खोकं टाकलं, धावत जाऊन स्विचला पाठ लावून उभी राहिली आणि दांडी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली.

"वहिनी, बाजूला व्हा. पाटी नाय की."

"पाटी नाय. मी हाय."

शिवशंकरला कळेना. मग पलीकडून भारत म्हणाला, "शिवा, माझा हात आत हाय रं." आवाज अगदी हळू होता. शिवशंकर झटकन मागं सरला. चहा सांडला.

आणि गेटवर मी. तात्यासाहेब मला खिळ्यावर बसवत हसत होते, "या, या साहेबराव! आज ऑफ हाय आपलं."

साहेबरावांनी अर्ध्या शटरखालून आत पाहिलं. शेडमध्ये दिवे चालू, माळेखाली कापलेल्या ब्रॅकेटचा ढीग, आणि स्विचला पाठ लावून दांडी दाबून धरलेली एक बाई. त्यांनी सगळं पाहिलं. मग ताटातला एक पेढा तात्यासाहेबांच्या हातावर ठेवला, "सणाच्या शुभेच्छा" म्हणाले आणि पुढच्या शेडकडे गेले. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

भारतनं हात बाहेर काढला, बोटं एकदा उघडली, एकदा मिटली. मग शालूला म्हणाला, "सोड आता. चल."

"कुठं चालला?" तात्यासाहेब म्हणाले. "माल?"

जाताना शालूनं मला गेटवरून पुन्हा काढलं.

"ती पाटी कंपनीची हाय!"

"मंग कंपनीनं खरं बोलावं," शालू म्हणाली, माळ सोडवून त्यांच्या हातात दिली आणि मला घेऊन गेली.

आता मी चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये आहे. इथं भारत प्रेस चालवतो. गेटसाठी वेगळी पाटी आहे, तिच्याशी माझी ओळख नाही. मी कायम स्विचपाशी असते. रंग उडाला आहे, चंद्राचं एक टोक पुसलं गेलं आहे, पण मला काढण्याआधी इथं प्रत्येक जण हाक मारतो, "हात बाहेर हाय का?" उत्तर आल्याशिवाय मला कुणी शिवत नाही. म्हातारपणी पत्र्याला याहून जास्त मान मिळत नसतो.

तात्यासाहेबांचं बरं चाललं आहे. गेटवर त्यांनी छापील, रंगीत, चकचकीत फलक लावला आहे. त्यावर प्रेसचा फोटो आणि खाली 'यंत्र हीच देवता'. स्विचवर मात्र अजून काही टांगलेलं नाही. तिथं आकाश नावाचा नवा ऑपरेटर लागला आहे. क्लच जुनाच आहे.

तेव्हा मित्रांनो, बजाजनगरकडून जाणं झालंच, तर त्या पोराला माझा एवढा निरोप द्या. जॉब अडकला की हात घालण्याआधी दांडी खाली ओढ, चाक थांबू दे, आणि पाटी नसेल तर स्विचपाशी कुणाला तरी उभं कर. बायको चालेल, जोडीदार चालेल, चहावाला चालेल. मालक सोडून कुणीही चालेल.