पोटातली फुलपाखरं

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. पोटात एक बल्ब आणि तोंडाशी एक भिंग, एवढाच माझा संसार. चित्र माझ्यात उलटं घालावं लागतं. तेव्हाच ते भिंतीवर सुलट उमटतं.

शिवणकामाच्या कारखान्यावरच्या खोलीत रोज संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरे. बाई स्वतः काचेवर चित्रं रंगवत. त्यांची रीत ठरलेली होती: आधी चित्र, मग अर्थ. एकदा मी भिंतीवर आभाळातून कुत्री-मांजरं पाडली. बाई म्हणाल्या, "इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज. म्हणजे धो धो पाऊस." खालच्या कारखान्यातल्या टेलरकाकांना हे काही पटेना. मग बाईंनी हळूच विचारलं, "आपल्याकडे मुसळधार पडतो, काका. किती मुसळं डोक्यात बसली आजवर?" सगळी खोली हसली.

मागच्या बाकावरची नर्स तेवढी हसत नसे. ती चित्राकडे बघायचीच नाही. मान खाली घालून नुसते अर्थ उतरवून घ्यायची. सगळे तोंडपाठ होते, पण बोलायची वेळ आली की तिची दातखिळी बसे. आणि आता तर मोठ्या इस्पितळातली नोकरी इंग्रजी मुलाखतीवर अडली होती. मुलाखत उद्यावर आली होती.

त्या संध्याकाळी बाईंनी नवी काच घातली. एका मुलीच्या पोटात निळी-पिवळी फुलपाखरं भिरभिरत होती. बाईंनी इंग्रजी वाक्य म्हटलं, नर्सने मान वर केली, आणि तेवढ्यात माझा बल्ब गेला. अर्थ सांगायचा राहूनच गेला.

बाई अंधारात दिव्याचं बटण चाचपू लागल्या. मग मागून सावकाश आवाज आला.

"आय हॅव बटरफ्लाईज इन माय स्टमक." जरा थांबून नर्स म्हणाली, "बाई, अर्थ नका सांगू. सकाळपासून माझं तेच चाललंय."

"आमच्या पोटात गोळा येतो, पोरी," टेलरकाका म्हणाले. "तुझी निदान उडून तरी जातील."

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत ती फुलपाखरं उडाली. तिला नोकरी मिळाली.

माझा बल्ब आता कुठे मिळत नाही. मी कपाटावर असतो. सुट्टीच्या दिवशी नर्स येते आणि कापसाने माझं भिंग पुसते. मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूंवरूनही असाच कधी हात फिरवा. आणि नवी भाषा शिकताना अर्थाची घाई करू नका. चित्र थोडा वेळ डोळ्यांत राहू द्या.

भिंगावर कापूस फिरला की माझ्या अंधाऱ्या पोटातही काहीतरी फडफडतं. निळं-पिवळं असावं.