तळ्यातला चेंडू

सकाळी रॉयसनं खिडकीचा पडदा सरकवला. बागेतलं तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं होतं. बर्फाखाली एनिडचे मासे होते.

एनिड म्हणजे त्याची सासू. ती गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून डेसमंड, त्याचा इंग्रज सासरा, त्या माशांशी रोज गप्पा मारायचा. या अमेरिकन जावयाशी मात्र कामापुरतंच. त्यात आठवडाभर खोकल्यानं म्हाताऱ्याला अंथरुणात पाडलेलं. म्हणून परवा रॉयस मोठ्या हौसेनं म्हणाला होता, "तुम्ही पडून राहा, यार्ड मी आवरतो." घराच्या बागेला तो अमेरिकन सवयीनं यार्डच म्हणे.

"यार्डात कैदी फिरतात," डेसमंड खोकत म्हणाला. "ही गार्डन आहे. तुमच्या ओहायोत नसतात वाटतं?"

"असतात की! पण एवढ्याशा डबक्याला आम्ही पाँड म्हणत नाही. आमच्या पाँडमध्ये होडी चालते."

फिलिपा, रॉयसची बायको, हसली. म्हातारा हसला नाही.

आता रॉयस जिना उतरला, पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला. शेवटी हातोडा घेऊन तळ्याकाठी धावला.

"खाली ठेव तो!" दारात डेसमंड उभा होता, अंगावर नुसता ड्रेसिंग गाऊन. "धक्क्यानंच मरतील ते. चेंडू कुठाय? तो तरंगत असला की तेवढं पाणी गोठत नाही, माशांना हवा मिळते."

"कुठला चेंडू?" विचारता विचारताच रॉयसला आठवलं. आवरताना पाण्यात तरंगणारा तो मळका चेंडू त्यानंच उचलून शेडमध्ये फेकला होता. "मी काढला. वाटलं, कुणा पोराचा असेल. आमच्याकडे तळ्यात हीटर सोडतात."

डेसमंडनं आत जाऊन उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं आणि अलगद बर्फावर टेकवलं. रॉयस काठानं येरझाऱ्या घालत राहिला.

"पाय आपटू नकोस रे बाबा. घाबरतात ते."

तो थांबला. थांबणं त्याला अवघड गेलं. पातेल्याखालचा बर्फ विरघळला, भोक पडलं. काळं पाणी, बाकी काही नाही. फिलिपाला काय सांगायचं? मग कडेला काहीतरी केशरी हललं, आणि एक तोंड वर येऊन उघडमीट करू लागलं.

"आहे," डेसमंड म्हणाला. पाठ फिरवून त्यानं गाऊन अंगाभोवती घट्ट ओढला.

"जा, चेंडू आण," तो म्हणाला. "आणि येताना यार्डाचं फाटक लाव. वारा झोंबतोय."

यार्ड! रॉयसनं तो शब्द नीट ऐकला. तो शेडकडे पळाला.