आकडा माझ्या छातीवर होता

मित्रांनो, मी दुधाची फॅट मोजणारं एक जुनं मशीन आहे, आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. नऊ वर्षं झाली, फुलंब्रीजवळच्या एका दूध केंद्रात उभं आहे. म्हशीचं दूध माझ्याकडं, गाईचं शेजारच्या माझ्या जुळ्या भावंडाकडं. दोघांच्या वायरी संगणकाला. मी कधी खोटा आकडा दिला नाही.

परवा केंद्र चालवणाऱ्या राजेंद्रनं टेबल पुसताना दोन्ही वायरी उपटल्या आणि उलट्यापालट्या खुपसल्या. हा संगणक आमची तोंडं ओळखत नाही हो! वायरीच्या जागेला तो पोर्ट म्हणतो. कॉम तीनवरून येईल ते म्हशीचं, कॉम चारवरून येईल ते गाईचं, एवढीच त्याची अक्कल.

म्हशीचं पहिलं दूध सारजाबाईंचं. मी दाखवलं सहा पॉइंट नऊ. स्क्रीनवर आला गाईचा मघाचा आकडा, तीन पॉइंट सात.

म्हशीच्या दुधाला एवढा कमी आकडा बघून राजेंद्र म्हणाला, "काकू, पाणी घातलंय. परत न्या."

"बारा वर्सं दूध घालते रं! पाणी घालीन व्हय मी?"

रांग फिदीफिदी हसली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मेल्यांनो, माझ्या छातीवर खरा आकडा लाल पेटला होता. एकानंही मान वळवली नाही. सारजाबाई कॅन उचलून निघून गेल्या.

मागं निशा उभी होती, शहरात कंपनीत कामाला जाणारी. तिच्याही म्हशीच्या दुधाला स्क्रीनवर तीन पॉइंट सातच. ती माझ्याकडं वाकली.

"राजेंद्रभाऊ, मशीन सात म्हणतंय की!"

तिनं संगणकात पोर्टांची यादी उघडली आणि माझी वायर ओढली. यादीतून कॉम चार गायब झालं. वायर लावली, परत आलं. म्हणजे मी गाईच्या जागी! तिनं वायरी बदलल्या, त्यांवर 'म्हैस', 'गाय' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. एवढंच काम होतं, मित्रांनो!

राजेंद्र धावत सारजाबाईंच्या घरी गेला आणि त्यांना घेऊन आला. केंद्र रिकामं झालं होतं. "चुकलं काकू, माप घाला."

"आता नाय. हसणारे घरी गेलेत. उद्या रांगेत म्हण."

दुसऱ्या दिवशी भरल्या रांगेत तो म्हणाला, "काकूंच्या दुधात पाणी नव्हतं."

"लई हळू बोलतोस."

तो पुन्हा मोठ्यानं बोलला. मगच त्यांनी कॅन ठेवला.

मित्रांनो, वायरीला चिठ्ठी लावा, आणि कुणाला खोटं पाडण्याआधी मशीनकडं बघा. त्या सकाळी सारजाबाईंच्या दुधाला मी सात दाखवलं. सगळी रांग वाकून बघत होती.