घरट्यात हात

पक्षी सांभाळणाऱ्या मुनाफने घरट्यात हात घातला, एक अंडं काढलं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी सारलं. शिडीवर जाळी ठोकणाऱ्या रंगनाथने ते बरोबर पाहिलं.

"काय काढलंस रे?"

"तू तुझी जाळी मार, मिस्त्री."

आखातातल्या मुऐदर गावच्या या बंगल्यातली गार खोली एका निळ्या पक्ष्याच्या जोडीसाठी होती. दूरच्या एका बेटावर, डोंगरातल्या पाइनच्या रानातच ही जात जगते. ते रान जळालं. आता जात टिकवायची म्हणून इथे मोठ्या कुंड्यांतून पाइन लावले होते. पिल्लं वाढली की बेटावर जायची होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला, स्टेडियमचं सुतारकाम आटोपलं, तसं कंपनीने रंगनाथला इकडे धाडलं.

असल्या अंड्याला गिऱ्हाईक नसेल होय? मुनाफ रत्नागिरीचा, तोंडाने गोड. आणि गोड बोलणाऱ्यांवरचा रंगनाथचा विश्वास गेल्या वर्षीच उडाला होता. स्टेडियमच्या घाईत सुट्टी मिळत नव्हती, तेव्हा गावी आजारी असलेल्या बायकोचा, अंजनाचा, भाऊ रोज फोनवर सांगायचा, "ताई झोपलीय, दाजी." सुट्टी मिळाली तेव्हा कळलं, ती जाऊन आठवडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मादी पाण्यावर उतरली तसा तो शिडी चढला. घरट्यातलं एक अंडं उचललं. प्लास्टिकचं.

"चोरा! खरी कुठं विकलीस?"

मुनाफने खालच्या टेबलाचा खण ओढला. कापसात दोन अंडी होती.

"रोज एक घालते ती. पहिल्याला आधीपासून ऊब मिळाली तर ते आधी फुटतं. ते पिल्लू दांडगं होतं नि धाकटं उपाशी मरतं. उद्या तिसरं घातलं की सगळी एकदम तिच्याखाली."

"आणि तोवर हिला खोट्यावर बसवायचं?"

"घरटं रिकामं दिसलं तर सोडून जाईल. मग खरी कोणाखाली ठेवू? तुझ्या?"

रंगनाथ हसला नाही.

"तिला कळत नसेल?"

"कळतही असेल. बसते खरी." मुनाफने मान वर केली. "यल्ला, चल, ठेव ते. येतेय ती."

कुंडीतल्या फांदीवर पंख फडफडले. रंगनाथने मूठ उघडली. अंडं गारठलं होतं. त्याने ते दोन्ही तळव्यांत धरलं, तोंडाजवळ नेऊन वाफ दिली आणि हलकेच घरट्यात ठेवलं.

मग पावलांचा आवाज होऊ न देता तो शिडी उतरला.